चाळिशीत यंग अ‍ॅडल्ट आणि चौदाव्या वर्षी मोठ्यांच्या कादंबऱ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई चाळिशीला टेकल्यात, शाळेपासून वाचतायत, पण अलीकडे मोठ्यांची एखादी नावाजलेली कादंबरी हातात घेतली की पन्नासेक पानांत गाडी अडते, आणि यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी मात्र दोन रात्रीत संपते, तर वाचक म्हणून आपली घसरण झालीय का असं त्यांना वाटतंय. आणि घरात उलटंच चाललंय, चौदा वर्षांची मुलगी किशोरांची पुस्तकं बाजूला सारून आईच्या कपाटातल्या कादंबऱ्या मागते, त्या द्यायच्या का? मी ग्रंथालयात बरीच वर्षं काम केलंय आणि आता किशोरांचा एक आणि मोठ्यांचा एक असे दोन वाचनगट चालवते, आणि हे दोन्ही प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा एकाच घरातून येतात, म्हणून जरा निवांत लिहिते.

घसरण वगैरे काही झालेली नाही, हे आधीच सांगून टाकते. आपण मनात एक जिना धरून बसलेलो असतो, खाली बालसाहित्य, मध्ये किशोर, वर मोठ्यांचं, आणि एकदा वर गेलं की खाली यायचं नाही. हा जिना कादंबरीत नाहीये, तो ग्रंथालयांच्या कपाटांतून आणि प्रकाशकांच्या विक्रीच्या सोयीतून आलाय. अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं किशोर वाचकांसाठीचा वेगळा विभाग १९५७ मध्ये केला. १९६७ मध्ये एस. ई. हिंटनची 'द आउटसायडर्स' आली, ती लिहायला घेतली तेव्हा हिंटन १५ वर्षांच्या होत्या आणि छापून आली तेव्हा १८ च्या, आणि आज ज्याला आपण यंग अ‍ॅडल्ट म्हणतो त्याची सुरुवात बरेच जण तिथूनच धरतात. या प्रकारातल्या उत्तम लेखनासाठीचा प्रिंट्झ पुरस्कार तर थेट २००० मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सनं मुलांच्या पुस्तकांची बेस्टसेलर यादी वेगळी काढली, कारण हॅरी पॉटरचे भाग मुख्य यादीच्या वरच्या जागा धरून बसले होते, आणि ती पुस्तकं फक्त मुलंच घेत होती असं कोणी म्हणू शकत नव्हतं. म्हणजे वाचक आधीच मिसळलेले होते, यादी नंतर वेगळी झाली.

आणि कपाट कसं बदलतं ते बघा. 'द कॅचर इन द राय' १९५१ मध्ये मोठ्यांची कादंबरी म्हणून आली, आज ती किशोरांच्या हातात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या पुस्तकांपैकी आहे. मार्कस झुसाकची 'द बुक थीफ' २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात मोठ्यांसाठी निघाली आणि अमेरिकेत तीच किशोरांच्या कपाटात गेली. मार्क हॅडनची 'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' २००३ मध्ये ब्रिटनमध्ये एकाच वेळी दोन आवृत्त्यांत आली, एक मुलांसाठी, एक मोठ्यांसाठी, आणि आतली गोष्ट तीच.

मग खरा फरक कुठेच नाही का? आहे, आणि तो ओळखता आला की तुमची पन्नास पानांची अडचणही बरीचशी सुटते. बहुतेक लोक म्हणतात की पात्राचं वय, किंवा भाषा सोपी-अवघड, किंवा विषय हलका-जड. यातलं काहीच टिकत नाही, किशोर कादंबऱ्यांमध्ये युद्ध, आत्महत्या, अत्याचार, व्यसन सगळं येतं, आणि मोठ्यांच्या ढीगभर कादंबऱ्यांत निवेदक शाळकरी असतो. माझ्या अनुभवात फरक आहे तो अंतराचा. म्हणजे गोष्ट सांगणारा माणूस त्या घटनांपासून किती लांब उभा राहून बोलतोय. 'द हंगर गेम्स' (२००८) घ्या, सोळा वर्षांची कॅटनिस सगळं वर्तमानकाळात सांगते, तिला पुढच्या क्षणी काय होणार ते माहीत नाही, तुम्हालाही नाही, अंतर शून्य. 'कॅचर' मधला होल्डन सतरा वर्षांचा आहे आणि सोळाव्या वर्षातले काही दिवस सांगतोय, अंतर साधारण एका वर्षाचं, आणि तो सावरलाय असं त्याला वाटतं पण वाचणाऱ्याला तसं वाटत नाही. 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) मध्ये स्काउट सहा ते नऊ या वयातलं सांगते, पण सांगणारी बाई मोठी झालेली आहे, त्यामुळे पोरीला न कळलेलं वाक्यावाक्यातून आपल्याला कळत राहतं. आणि डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१८६०-६१) मधला पिप तर पुष्कळ वर्षांनी मागे वळून बघतोय.

पिपच्या गोष्टीवर थोडं थांबते, कारण दोन्ही गटांत मी ही कादंबरी वाचून घेतलीय आणि फरक अगदी समोर दिसतो. जो हा त्याच्या बहिणीचा नवरा, लोहार, त्याला लहानपणी जीव लावणारा. पिप लंडनला जाऊन सभ्य गृहस्थ व्हायला लागतो आणि जो त्याला भेटायला येणार म्हणून कळतं तेव्हा पिपला आनंद होत नाही, पैसे देऊन हे टाळता आलं असतं तर दिले असते असं तो स्वतःच कबूल करतो. किशोर गटातली मुलं हा प्रसंग वाचताना पिपबरोबर अवघडतात, जोची टोपी, त्याचं बोलणं, सगळं त्यांच्या अंगावर येतं. मोठ्यांच्या गटात त्याच पानावर लोक गप्प होतात, कारण त्यांना तो म्हातारा होत चाललेला पिप ऐकू येतो जो इतक्या वर्षांनीही ते विसरू शकलेला नाही. दोन्ही वाचनं खरी आहेत, मुलांचं वाचन कच्चं आणि मोठ्यांचं पक्कं असं मी अजिबात म्हणणार नाही. मुलांना जे कळतं ते म्हणजे त्या क्षणी लाज कशी वाटते, आणि ते मोठ्यांना बरेचदा आठवतच नसतं.

मराठीत बघायचं तर मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४) मला यासाठी फार महत्त्वाची वाटते. सांगणारा मुकुंद नववीतला, आणीबाणीचे दिवस, आणि मोठा झालेला मुकुंद मध्ये येऊन काही समजावत नाही. म्हणजे अंतर पुस्तकात जवळजवळ ठेवलेलंच नाही, ते वाचणाऱ्यानं आपल्याबरोबर आणायचंय. चौदाव्या वर्षी वाचलीत तर ती वर्गातली, मित्रांची आणि मुकुंदला आवडणाऱ्या शिरोडकर या मुलीची गोष्ट, आणीबाणी मागे कुठेतरी रेडिओसारखी वाजत राहते. चाळिशीत वाचलीत तर तुम्हाला मोठ्या माणसांचे चेहरेही दिसायला लागतात, त्या पोराला जे अर्धवट ऐकू येतं त्यातलं उरलेलं अर्धं तुम्ही भरता. आणि नेमाड्यांची 'कोसला' (१९६३), तिथे पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा होऊन सांगतोय, लहानपण, कॉलेज, परत गाव. अंतर थोडंच, पण तो मुद्दाम कोरडा राहून ते वाढवत नेतो, आणि मग मनीच्या, म्हणजे त्याच्या लहान बहिणीच्या मृत्यूपाशी ते अंतर टिकतच नाही. विशीत वाचलेली 'कोसला' आणि पस्तिशीत वाचलेली 'कोसला' ही वेगवेगळी पुस्तकं वाटतात असं लोक म्हणतात ते उगाच नाही. लुईझ रोझेनब्लॅट नावाच्या अभ्यासक होत्या, त्यांनी १९३८ पासून हेच मांडलं की कादंबरी म्हणजे नुसता छापलेला मजकूर नव्हे, वाचणारा आणि मजकूर यांच्यात जे घडतं ते वाचन, आणि वाचणारा बदलला की ते बदलणारच. मला हे रोज दिसतं म्हणून पटतं.

आता तुमची पन्नास पानं. अंतर कमी असलेल्या कादंबरीत पुढे काय होणार हेच इंजिन असतं. पहिल्या पाच-दहा पानांत कोणाला काय हवंय आणि काय आडवं येणार ते कळतं, आणि तुम्ही पळायला लागता. अंतर जास्त असलेल्या कादंबरीत सांगणाऱ्याला शेवट माहीत असतो, कधी कधी तो पहिल्याच पानावर सांगूनही टाकतो, त्यामुळे तिथे काय झालं याची ओढ नसते, हा माणूस हे आत्ता का सांगतोय, काय टाळतोय, कोणाला माफ करायचा प्रयत्न करतोय याची असते. तुम्ही पहिल्या प्रकारची ओढ शोधत दुसऱ्या प्रकारची कादंबरी वाचता, ती सापडत नाही, आणि पन्नासाव्या पानाशी दमता. यात बुद्धी कमी पडण्याचा काही प्रश्नच नाही. नोकरी, घर, फोन, या सगळ्यातून उरलेल्या वीस मिनिटांत वाचायचं असेल तर पहिल्या प्रकारचं पुस्तक लगेच पकड घेतं, दुसऱ्याला दर वेळी पुन्हा त्या आवाजाशी ओळख करून घ्यावी लागते, आणि वीस मिनिटं त्यातच जातात.

म्हणून मी मोठ्यांच्या गटात जे सांगते तेच सांगते. नवीन कादंबरीची पहिली चाळीस-पन्नास पानं एका बैठकीत वाचा, सुट्टीच्या दिवशी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, तुकड्यातुकड्यात सुरुवात करूच नका. नंतरची पानं रोज वीस मिनिटांनीही चालतील, कारण आवाज कानात बसलेला असतो. वाचताना स्वतःला एवढंच विचारत राहा की हा कोण बोलतोय आणि कुठे उभा राहून बोलतोय. आणि पन्नासाव्या पानाशी अडलात तर पुढे रेटण्याऐवजी परत पहिल्या पानावर जा, पहिली वीस पानं पुन्हा वाचा. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण चांगल्या कादंबरीची पहिली पानं दुसऱ्यांदा वाचताना एकदम उघडतात, लेखकानं तिथे जे पेरलेलं असतं ते आता दिसतं, आणि माझ्या गटातले कितीतरी जण अशाच परत फिरण्यातून पुस्तकात शिरलेत. तरीही नाही जमलं तर ठेवून द्या, पण का नाही जमलं ते मनाशी नीट म्हणा, 'कंटाळवाणं होतं' एवढ्यावर सोडू नका.

दुसरं म्हणजे एकदम जाड, अनेक पिढ्यांच्या, दहा पात्रं दहा दिशांना अशा कादंबरीपासून सुरुवात करू नका. ज्यात मोठा माणूस आपलं किशोरपण सांगतोय अशा मोठ्यांच्या कादंबऱ्या आधी घ्या. जगभरात त्यांची मोठी परंपरा आहे, जर्मन लेखक गटेच्या १७९५-९६ मधल्या 'विल्हेल्म माइस्टर' पासून चालत आलेली, माणूस घडतानाची कादंबरी. या कादंबऱ्यांत किशोरवयाची ओढ असते आणि मागे वळून बघणंही, त्यामुळे तुम्ही एका पायावर उभ्या राहून दुसरा टाकू शकता.

पण मला इथे यंग अ‍ॅडल्टची बाजूही मनापासून घ्यायचीय, कारण बरेच मोठे वाचक ते वाचतात आणि वर लाजतात. चांगल्या किशोर कादंबरीत लेखकाला मिरवायला जागाच नसते. पंधरा वर्षांचा वाचक दोन पानं कंटाळला की पुस्तक मिटतो, त्याला समीक्षकानं काय म्हटलंय याची फिकीर नसते, त्यामुळे प्रत्येक प्रसंगाला आपली जागा कमवावी लागते. दुसरं, पहिल्यांदा घडण्याचं वजन तिथे पूर्ण मिळतं. पहिल्यांदा मित्रानं फसवणं, आईवडील चुकू शकतात हे पहिल्यांदा दिसणं, कोणीतरी पहिल्यांदा मरणं. मोठ्यांच्या कादंबरीत हे बरेचदा आधीच होऊन गेलेलं असतं आणि पात्रं त्याच्या नंतरचं जगत असतात. आणि मैत्री! मोठ्यांच्या कादंबऱ्या प्रेम, लग्न, विश्वासघात यात इतक्या गुंततात की मैत्री कोपऱ्यात जाते, किशोर कादंबरीत ती मध्यभागी असते, आणि चाळिशीत ज्यांची मैत्रीची माणसं पांगलेली असतात त्यांना ते वाचून काहीतरी हलतं, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

कमकुवत बाजूही सांगते, नाहीतर हे एकतर्फी होईल. किशोर कादंबऱ्यांतली मोठी माणसं फार वेळा सपाट असतात, आई एकतर गेलेली किंवा समजून न घेणारी, शिक्षक एकतर देव किंवा खडूस. निवेदकाचा आवाज पुस्तकागणिक सारखाच यायला लागतो, तोच चटपटीत वर्तमानकाळ. आणि पहिलं पुस्तक चाललं की त्याची मालिका ताणली जाते, तिसऱ्या भागात गोष्ट संपलेली असते पण पुस्तकं संपत नाहीत. सलग दहा किशोर कादंबऱ्या वाचल्यात की हे तुम्हालाही जाणवेल, तेव्हा मध्ये एखादी मोठ्यांची घाला, आणि मोठ्यांच्या सलग तीन थकवणाऱ्या कादंबऱ्या झाल्या की परत किशोर. मी स्वतः असंच वाचते, आणि दोन्हीकडचे दोष दुसरीकडून आलं की जास्त स्वच्छ दिसतात.

अजून एक गोष्ट, जुनी आवडती पुस्तकं पुन्हा वाचण्याबद्दल. मानसशास्त्रात रेमिनिसन्स बम्प म्हणून ओळखली जाणारी एक गोष्ट आहे, मोठ्या वयात माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी बाकीच्या काळापेक्षा जास्त आणि जास्त ठळक येतात. त्यामुळे सोळाव्या वर्षी वाचलेली कादंबरी आपल्याला जगातली सर्वोत्तम वाटते तेव्हा त्यात पुस्तकाचा वाटा किती आणि त्या वयाचा किती हे सांगणं अवघड असतं. पुन्हा वाचा म्हणजे कळेल. काही पुस्तकं विरघळतात, काही वाढतात, आणि जी वाढतात त्यांत बहुतेक वेळा असं एखादं दुय्यम मोठं पात्र निघतं ज्याच्याकडे तेव्हा तुमचं लक्षच गेलं नव्हतं.

आता मुलगी. माझं उत्तर आहे, द्या. चौदा वर्षांच्या मुलांनी मोठ्यांच्या कादंबऱ्या वाचणं इतकं नेहमीचं आहे की अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दर वर्षी अ‍ॅलेक्स अवॉर्ड्स देते, मोठ्यांसाठी लिहिलेली पण १२ ते १८ वयाच्या वाचकांना भिडतील अशी दहा पुस्तकं निवडून. जे कळणार नाही ते मुलं बहुतेक वेळा ओलांडून जातात, आणि ओलांडलेलं पुढे कधीतरी परत येऊन वाचतात. त्यांना पुस्तक सगळं कळलंच पाहिजे हा आग्रह आपला असतो, त्यांचा नसतो.

पण 'द्या' म्हणजे कपाट उघडं टाकून बाजूला व्हा असं मी म्हणत नाही. ज्या कादंबरीत लैंगिक अत्याचार किंवा आत्महत्या सविस्तर येते ती तुम्ही आधी वाचलेली असावी, लपवायला म्हणून नाही, तर तिला आधी सांगता यावं की यात हे आहे, मध्येच थांबावंसं वाटलं तर थांब आणि बोलावंसं वाटलं तर मी आहे. आणि मुलगी स्वतःच त्या काळात एखाद्या अशा त्रासातून जात असेल, खूप गप्प झाली असेल, तर तो विषय असलेलं पुस्तक तिच्या हाती एकटीला सोडू नका, तिथे पुस्तकाच्या आधी माणूस लागतो. बाकी वेळा विषयाला घाबरू नका. मुलांना त्रास विषयाचा कमी होतो, त्याबद्दल घरात कोणाशी बोलता येत नाही याचा जास्त होतो.

वाचून झाल्यावर परीक्षा घेऊ नका, 'यातून काय शिकलीस' हा प्रश्न तर नकोच, त्या प्रश्नानं मी चांगली वाचणारी मुलं पुस्तकांपासून लांब गेलेली पाहिलीयेत. त्यापेक्षा कोणाचा राग आला हे विचारा. हे विचारलं की मुलं थांबता थांबत नाहीत. आणि किशोर पुस्तकं तिनं टाकून दिलीयेत याचंही कौतुक करू नका, मोठी झालीस हं, असं म्हणालात की ती पुन्हा तिकडे जायला लाजेल, आणि तिच्याच वयाबद्दलची सगळ्यात चांगली पुस्तकं तिच्या हातून निसटतील. तेरा-चौदाला मोठ्यांची पुस्तकं मागणारी मुलं सोळा-सतराला बरेचदा किशोर कादंबऱ्यांकडे परत येतात, परीक्षांचा ताण असतो, त्यांना वेगानं वाचता येणारं काहीतरी हवं असतं, तेव्हा वाट मोकळी असलेली बरी.

आणि तुम्ही दोघी मिळून वाचायचं असेल तर 'शाळा' पासून सुरुवात करा. दोन प्रती घ्या, एकीत दोघींनी वाचू नका, कारण तिला खुणा करायच्या असतील आणि तुम्हालाही. एकदम सगळी वाचून मग बोलू असं न करता तीन-चार टप्पे पाडा. प्रत्येक टप्प्याला आधी तिला बोलू द्या, मुकुंद तिला कसा वाटतो ते पूर्ण ऐका, आणि मगच तुम्हाला त्यातली मोठी माणसं कशी दिसली ते सांगा. उलट क्रमानं केलंत तर ती तुमचं वाचन उचलेल आणि तिचं स्वतःचं राहून जाईल. 'कोसला' तिच्यासाठी अजून दोन-तीन वर्षं थांबली तरी चालेल, भाषेसाठी किंवा विषयासाठी नाही, तिथला कोरडेपणा ओळखायला स्वतः थोडं कोरडं होऊन बघितलेलं असावं लागतं. ती तुम्ही आत्ता घ्या, सुट्टीच्या दिवशी, पहिली पन्नास पानं एका बैठकीत.